‘मगर प्लॅस्टिकची होती’ या शेऱ्याला मळ्याच्या मालकाचं उत्तर

नमस्कार साहेब,

कृष्णाकाठच्या आमच्या मळ्यावर सहकुटुंब आलात आणि एक स्टार देऊन गेलात. नदीकाठच्या मळीवरचा ‘अ‍ॅलिगेटर’ प्लॅस्टिकचा होता, नदी रिकामी असूनही पोरांना पाण्यात उतरू दिलं नाही, आणि आमचा माणूस उद्धट वागला, असं लिहिलंत. पिठलं-भाकरी दोनदा मागून घेतलीत, तेही लिहिलं असतं तर बरं वाटलं असतं. असो.

अ‍ॅलिगेटर अमेरिकेत आणि चीनमध्ये. आपल्या चिकोडी-अथणीकडं असते ती मगर, आणि ती खरीच होती. अर्धा तास पोटसुद्धा हललं नाही म्हणता, ते पटतं. निवांत पडलेली मगर चार-दोन श्वास घेते आणि मग बराच वेळ घेतच नाही. याचा बारकाईनं अभ्यास झालाय तो अ‍ॅलिगेटरवर. बरगड्या हलतातच, शिवाय एक स्नायू यकृताला शेपटीकडं ओढतो, पिचकारीचा दट्ट्या ओढावा तसा, आणि फुफ्फुसात हवा भरते. त्याच स्नायूनं फुफ्फुसं मागं सरकवून अ‍ॅलिगेटर पाण्यात तोंड खाली करून बुडी घेतो. फुफ्फुसात हवा पक्ष्यांप्रमाणे एकाच दिशेनं फिरते, हे २०१० साली युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिलं.

आता ‘रिकामी’ नदी. मगरीचे डोळे आणि नाकपुड्या डोक्याच्या वरच्या अंगाला, तेवढंच पाण्याबाहेर राहतं. बुडाली की नाकपुड्या बंद, घशात पडदा, म्हणून पाण्याखाली जबडा उघडला तरी पाणी आत शिरत नाही. पंधरा-वीस मिनिटं सहज निघतात, थंड पाण्यात त्याहून जास्त. पोहते शेपटीवर, पाय अंगाला चिकटवून. पाणी खळबळत नाही, तुम्हाला कळणार कसं?

पोरं ढेकळं मारायला लागली म्हणून आमच्या माणसानं दटावलं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात मगर पहिल्या अनुसूचीत आहे, आणि आमच्या माणसाची स्वतःची पाण्याची मोटार त्याच काठावर आहे. त्याला मी काही बोलणार नाही.

तुमची गाडी बांधावरून वळली आणि तुमचं ‘प्लॅस्टिक’ चार पायांवर उठलं, पोट जमिनीपासून चांगलं वर उचलून पाच-सहा पावलं चाललं, उताराला पोटावर घसरत पाण्यात गेलं. व्हिडिओ फोटोंमध्ये टाकलाय.

पोरांना डुंबायला मोटारीखालचा हौद आहे. त्या दिवशीही भरलेला होता.