आधी शकुंतलेची जागा वाचवा

मूर्तिजापूरहून एकीकडे यवतमाळ आणि दुसरीकडे अचलपूरला जाणारी, जवळपास १९० किलोमीटरची आपली नॅरोगेज (अरुंद रुळांवरची) रेल्वेगाडी शकुंतला बंद पडून काही वर्षं झाली, तरी तिच्यावरचा वाद मिटत नाही. कोणी म्हणतं ब्रॉडगेज (रुंद रुळांची) करा, कोणी म्हणतं वारसा म्हणून आहे तशी जपा, तर कोणी म्हणतं एसटी आहे, रस्ते झाले, आता गाडी हवी कशाला? मी कारंज्याची. सध्या इंग्लंडमध्ये, लिव्हरपूलजवळच्या विरल भागात राहते.

इथे विलस्टन गावात हॅडलो रोड नावाचं स्टेशन आहे. हूटन स्टेशनहून निघणाऱ्या रेल्वेच्या फाट्यावर १८६६ साली ते सुरू झालं. पुढे बस-मोटारी वाढल्या, प्रवासी घटले, १९५६ मध्ये प्रवासी गाडी थांबली आणि १९६२ मध्ये मालगाडीही. पण फाट्याची बहुतेक जमीन सलग राहिली. १९७३ मध्ये तिच्यावर पायी आणि सायकलने जायची वाट झाली, स्टेशनही १९५२ सालासारखं सजवलं. तिकिटाची खिडकी, लाकडी फाटक, फलाटावर दुधाचे कॅन, समोर थोडं अंतर जाऊन संपणारे रूळ.

मला ते स्टेशन फार आवडतं. पण गावातल्या म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात जायचं असेल, तर त्याचा काही उपयोग नाही. शकुंतलेने मजूर जायचे, शाळेची पोरं जायची, टोपल्या घेऊन बाया जायच्या. एसटीचं भाडं परवडत नाही म्हणून तासन्‌तास डब्यात बसायचे. शेवटी शेवटी तर तिकीटही गार्डच द्यायचा. या लोकांना संग्रहालय देऊन भागणार नाही.

इंग्लंडमधल्याच डेव्हन भागातल्या ओकहॅम्प्टन गावाची रोजची गाडी १९७२ मध्ये बंद झाली होती. मेल्डनच्या खाणीतली खडी वाहायची म्हणून रूळ तेवढे राहिले, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये एक्झिटर शहराची नियमित गाडी पुन्हा धावू लागली. जिथे बंद मार्गाची जमीन तुकड्यांनी विकून घरं उठली, तिथे आता पैसा ओतूनही हे जमणं महाकठीण.

वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या रेल्वेमार्गाचा कळंबपर्यंतचा टप्पा २०२४ मध्ये सुरू झाला, याचा आनंदच आहे. पण तो मार्ग कारंज्याला येत नाही, दर्यापूर-अंजनगावलाही जात नाही.

ब्रॉडगेजची मागणी माझीही आहे. तिला लागेल तेवढा वेळ लागो. तोवर दोन्ही फाट्यांच्या जागेची मोजणी करून घ्या, हद्दीचे दगड बसवा, अतिक्रमण रोखा, आणि रूळ काढलेच तरी जमीन तोडून विकू देऊ नका. खासदारांकडे निवेदन नेणाऱ्यांनी पहिल्या ओळीत हे लिहावं, गेजचं दुसऱ्या ओळीत.