‘नुसतं मोजायला नऊ दिवस’ या रिव्ह्यूवर आमचं म्हणणं

साहेब, नमस्कार. तुमच्या गाडीच्या इंजिनाचं काम आमच्या गॅरेजमध्ये झालं, त्यावरचा तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू वाचला. तुम्ही फोन लावत होतात आणि मी उचलला नाही, ते चुकलंच. हात तेलात असले तरी संध्याकाळी उलट फोन करायला हवा होता. त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

पण ‘नुसतं मोजायला नऊ दिवस लावले, पिस्टनच्या डब्यावर ११.५ असताना १०.९ कॉम्प्रेशन दिलं, वर पिस्टन ढिले बसवले’ हे वाचून जेवण गेलं नाही. या आठवड्यात दोन गिऱ्हाइकांनी हाच रिव्ह्यू मोबाइलवर दाखवून मला विचारलं. म्हणून सगळं इथेच लिहितो. कॉम्प्रेशन म्हणजे पिस्टन खाली असतानाची सिलिंडरमधली जागा, तो वर असतानाच्या जागेच्या किती पट, तो आकडा.

नऊ दिवसांचं आधी. ब्लॉक (सिलिंडर असलेला भाग) आणि हेड (त्यावर बसणारा, व्हॉल्व्ह असलेला भाग) सोमवारी आलं आणि मंगळवारी संध्याकाळी हिशोब तयार होता. ८१ मिमीचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७७ चा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, म्हणजे एका सिलिंडरचे ३९६.८ सीसी. हेडवर ग्रीस लावून अ‍ॅक्रिलिकची प्लेट बसवली आणि ब्युरेटने (मापाच्या नळीने) एकेक चेंबर, म्हणजे हेडमधला इंधन जळायचा खळगा, भरला. चारही ३३ सीसीच्या आसपास, फरक दोन-तीन थेंबांचा. ब्लॉक आणि हेडच्या मधलं गॅस्केट दाबल्यावर १ मिमी, त्याचं भोक ८२ चं, त्याचे ५.३. पिस्टन वर आल्यावर ब्लॉकच्या तोंडापासून ०.२ मिमी खाली राहतो, त्याचा १. पिस्टनवरच्या व्हॉल्व्हसाठीच्या खळग्यांचे २.५. बेरीज ४१.८. आता ३९६.८ मध्ये ४१.८ मिळवून परत ४१.८ ने भागा, १०.५ येतं. त्या कागदाचा फोटो तुम्हीच काढून नेलात.

बुधवारी सकाळी तुम्ही ‘पोर्ट पॉलिश करून आणतो’ म्हणून हेड घेऊन गेलात, ते आलं शनिवारी रात्री. हे चार दिवस माझ्या नावावर कसे लागले? बरं, आलेल्या हेडच्या तोंडावर कटरच्या ताज्या रेघा होत्या. मी विचारलं, फेसिंग केलंत का, म्हणजे तोंड मशीनवर घासलंत का? तुम्ही म्हणालात, ‘नाही हो, नुसतं पुसलंय.’ पुसून हेड अर्धा मिलिमीटर कमी होत नाही, साहेब. मायक्रोमीटर माझ्याकडेही आहे.

मग रविवारी सुट्टीच्या दिवशी शटर उघडून मी पहिल्यापासून बसलो. चेंबर ३३ चे ३१ झाले होते. पण खरी काळजी कॉम्प्रेशनची नव्हतीच, व्हॉल्व्ह पिस्टनला लागतील का याची होती. पिस्टनवर प्लॅस्टिसिन (खेळायची मऊ माती) थापलं, जुनं गॅस्केट टाकून हेड आवळलं, क्रँक (पिस्टन वर-खाली करणारा दांडा) हाताने दोन फेरे फिरवला आणि हेड काढून तो गोळा ब्लेडने मधोमध कापला. एक्झॉस्ट व्हॉल्व्हकडे (धूर बाहेर सोडणारा) मंगळवारी २.६ मिमी जाडी मिळाली होती, आता २.० उरली होती. अर्धा मिमी घासलं तर ०.६ कशी गेली? हेड खाली आलं की कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) क्रँकच्या जवळ येतो, व्हॉल्व्हचं टायमिंग थोडं मागे पडतं. म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उशिरा बसतो आणि वर येणारा पिस्टन त्याला आणखी जवळून गाठतो. सगळ्यात जवळ ते टीडीसीला, म्हणजे पिस्टन अगदी वर असताना, नसतात, त्याच्या साधारण १० अंश आधी असतात, त्यामुळे नुसतं टीडीसीला बघून ‘लागत नाही’ म्हणणाऱ्यांचे व्हॉल्व्ह वाकतात. एक्झॉस्टला मी २.५ मिमीच्या खाली जागा ठेवून इंजिन बांधत नाही. सोमवार-मंगळवार चारही पिस्टनचे खळगे अर्धा मिमी खोल केले, वजनं परत जुळवली, ३१ आणि वाढलेले खळगे धरून हिशोब परत मांडला, तर १०.९ आलं. झाले नऊ दिवस. त्यातले माझे पाच, आणि पाचातले तीन त्या ‘पुसण्या’मुळे.

डब्यावरचं ११.५ हे पिस्टनवाल्याने त्याच्या मनातलं चेंबर आणि पातळ गॅस्केट धरून छापलेलं असतं. तुमचं हेड त्याने पाहिलेलं नाही.

‘ढिले’ या शब्दाचं मात्र वाईट वाटलं. तुम्ही आणलेले पिस्टन फोर्ज्ड (दाबून घडवलेले), २६१८ या अ‍ॅल्युमिनियम अलॉयचे. त्यात सिलिकॉन कमी, त्यामुळे तापल्यावर जास्त फुगतात. त्यांच्याच कागदावर पिस्टन आणि सिलिंडरमध्ये ०.०८ ते ०.१० मिमी मोकळीक लिहिलीय, मी ०.०९ ठेवली. प्रत्येक बोअर वर, मध्ये, खाली, आडवा आणि उभा मोजलाय. पिस्टन त्याच्या स्कर्टवर (खालच्या भिंतीवर), पिनच्या काटकोनात. थंड इंजिनाला जी टकटक येते ती गरम झाल्यावर जाते, आणि जाते हे तुम्हीही रिव्ह्यूत लिहिलंय. मित्राच्या गाडीतल्या कंपनीच्या पिस्टनसारखी ०.०४ ठेवली असती, तर टकटक आली नसती, पिस्टन जाम झाला असता.

माझी एक चूक कबूल. दुसऱ्या हिशोबाचा कागद तुम्हाला दिला नाही, तोंडीच सांगितलं. यापुढे लेखी द्यायची काहीतरी व्यवस्था करतो, फोनचंही बघतो. बाहेर जाऊन आलेलं हेड आता समोरासमोर मोजूनच आत घेईन.

प्लॅस्टिसिनचे दोन्ही काप डबीत ठेवलेत, २.६ चा आणि २.० चा. ऑइल बदलायला याल तेव्हा व्हर्नियर लावून स्वतः बघा. स्टारचं मग तुम्ही ठरवा.