कोणीही करू शकतं म्हणे

घरच्या ग्रुपवर गेल्या महिन्यात एका टेबलावरून जो वाद पेटला तो अजून विझलेला नाही, आणि मी इथे न्यूयॉर्कला क्वीन्समध्ये रात्री दोन-दोन वाजेपर्यंत उत्तरं टाइप करत बसतेय, म्हणून म्हटलं एकदाच सगळं नीट लिहून टाकू.

झालं असं की मामेभावाने ठाण्यात घोडबंदर रोडला नवा फ्लॅट घेतला आणि हॉलसाठी कळव्याच्या एका सुताराकडून सेंटर टेबल करून घेतलं. खाली लाकडाचे दोन वळणदार तुकडे, वर गोलसर कोपऱ्यांची जाड काच. फोटो आला, सगळ्यांनी वा वा केलं, मी लिहिलं की अरे हे इसामु नोगुची या नावाजलेल्या डिझायनरचं टेबल आहे, त्याची कॉपी झाली ही. झालं! भाऊ म्हणाला ओरिजिनल दोन हजार डॉलरच्या वर आहे, मी अठरा हजार रुपयांत केलं, कोणाचं काय बिघडलं? काका वकील, ते म्हणाले भारतात डिझाइनची नोंदणी दहा वर्षं, वाढवून पंधरा, त्यानंतर सगळ्यांना मोकळं. आणि मावशी म्हणाली, एवढं काय त्यात, असं टेबल कोणीही करू शकतं, आणि तुम्हा तिकडच्या लोकांना इथला खर्च काय कळणार.

खर्चाचं मला मान्य आहे. इथेही ते टेबल माझ्यासारख्यांच्या घरात नसतं, दुकानात हात फिरवून आम्ही परत येतो. याच नोगुचीने 1939 साली एका श्रीमंत माणसासाठी केलेलं असंच एक टेबल 2014 मध्ये लिलावात चाळीस लाख डॉलरच्या वर गेलं, आणि त्यावर आता कोणी चहाचा कप ठेवत असेल असं मला वाटत नाही. चंदीगडच्या सरकारी कचेऱ्यांतून भंगारात निघालेल्या खुर्च्याही अशाच परदेशी लिलावांत लाखोंना विकल्या जातात. हे संग्रहाचं वेड मला पटत नाही, म्हणजे मी काही त्या बाजूने भांडत नाहीये.

पण 'कोणीही करू शकतं' हे वाचून मात्र मला राहवेना, कारण अगदी याच वाक्यातून ते टेबल जन्माला आलंय. नोगुची मुळात शिल्पकार, वडील जपानी कवी, आई अमेरिकन. 1939 मध्ये त्याने एका डिझायनरला टेबलाचं छोटं मॉडेल करून दिलं आणि पुढे त्याचा काही निरोपच नाही. मग युद्ध आलं, अमेरिकेने जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत टाकलं, आणि नोगुची न्यूयॉर्कचा असल्यामुळे त्याला सक्ती नव्हती तरी तो 1942 मध्ये अ‍ॅरिझोनातल्या पोस्टनच्या छावणीत आपणहून राहायला गेला. तिथे एका जाहिरातीत त्याला स्वतःचंच टेबल थोडं बदलून छापलेलं दिसलं. परत आल्यावर त्याने त्या डिझायनरला जाब विचारला तर उत्तर मिळालं, तीन पायांचं टेबल काय कोणीही करू शकतं. हे त्याने स्वतः लिहून ठेवलंय. त्या रागातून त्याने आपलं वेगळं टेबल केलं आणि तेच 1940च्या दशकात हर्मन मिलर या अमेरिकन फर्निचर कंपनीने बाजारात आणलं.

आणि त्यातली खरी गंमत फोटोत दिसतच नाही. खालचे दोन तुकडे हुबेहूब एकसारखे आहेत, एक सरळ, दुसरा उलटा, दोन्ही एका खिळीवर एकमेकांत अडकतात आणि काचेच्या वजनाखाली घट्ट उभे राहतात, बस. भावाने व्हिडिओ कॉलवर सुताराला दाखवलं तेव्हा मी टेबलाखाली कॅमेरा न्यायला सांगितला, तर तिथे लोखंडी अँगल आणि सहा स्क्रू. सुतार अगदी सरळ बोलला, "ताई, फोटोत आतलं कुठे दिसतं? बसेना, म्हणून पट्टी मारली." त्याची काय चूक? चांगल्या कारागिराच्या हातात आपण फोटो दिला आणि असाच कर म्हणून सांगितलं, त्याचं डोकं वापरूच दिलं नाही. मला कॉपीचा राग येतो तो इथे, काकांचा कायदा बरोबर असला तरी.

नोगुचीचेच कागदी दिवे बघा ना, अकारी म्हणतात त्यांना. 1951 मध्ये तो जपानला गिफू गावी गेला होता, तिथला कंदिलांचा जुना धंदा बसत चाललेला, तर महापौरांनी त्याला विचारलं की यासाठी काही कराल का. त्याने तिथल्याच कारागिरांबरोबर काम केलं, लाकडी साच्याभोवती बांबूच्या काड्या गुंडाळायच्या, वर तुतीच्या सालीचा हातकागद चिकटवायचा, वाळला की आतला साचा सुटा करून काढून घ्यायचा. पद्धत त्यांची, आकार त्याचा. आजही ते गिफूतच बनतात. म्हणजे त्यानेही जुन्यातूनच घेतलं, पण ज्यांच्याकडून घेतलं त्यांच्या हाताला काम ठेवून.

माझ्याकडे त्यातला सगळ्यात लहान दिवा आहे. संध्याकाळी लावला की कागदाचे जोड आणि काड्यांच्या रेघा दिसायला लागतात आणि मला नौपाड्यातली आमची गॅलरी आठवते, बाबा कामट्या तासून आकाशकंदील करायचे, खळीचा वास, बोटांना चिकटलेला जिलेटिन पेपर.

आता नौपाड्यातली ती बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीये. आजीचं सागवानी कपाट आणि पाट भंगारवाल्याने किलोवर नेले, कोणी एक फोटोसुद्धा काढला नाही, आणि नव्या घरासाठी सगळे तुर्भ्याला आयकियात जाऊन आले. जाऊ देत, स्वस्त आणि चांगलं मिळतं तिथे, मी नावं ठेवत नाही. पण झोपाळ्याची फळी मामाकडे माळ्यावर अजून आहे, पितळी कड्यांसकट, आणि ती अख्ख्या एका खोडाची आहे, कुठे जोड नाही.

दादा, तुझ्या टेबलावर माझा राग नाही रे. मी जानेवारीत येतेय. त्याच सुताराला ती फळी दाखवू आणि फोटो न देता विचारू, याचं तू काय करशील. पैसे मी देते. तोपर्यंत मामाला सांग, माळा साफ करू नका.