सुरीच्या मुठीत डिंक भरू नका

सध्या सगळीकडे फिरतंय की जुन्या सुरीची सैल मूठ बसवायला बाभळीचा डिंक भरा, पूर्वी लोहार तेच करायचे म्हणे. अहो, डिंक पाण्यात विरघळतो! मी हौसेने आजीच्या सुरीला भरून बघितला, वाळल्यावर एकदम कडक, वाटलं झालं काम, आणि दोन-तीनदा धुतल्यावर मूठ हातात अन् पातं बेसिनमध्ये.

घोळ असा झालाय की डिंक, राळ आणि लाख हे तिन्ही लोक एकच समजतात. राळ म्हणजे साल वृक्षासारख्या झाडाचा चीक, तो पाण्यात विरघळत नाही, तापवला की वितळतो. लाख तर झाडाची नाहीच, पळस-कुसुम-बोरीच्या फांद्यांवरच्या किड्यांची आहे. आपल्याकडे जुन्या तलवारींची पाती मुठीत बसवायला लाखेचंच मिश्रण असायचं. नुसती राळ ठिसूळ असते, आपटली की तडकते, म्हणून त्यात विटेची बारीक भुकटी किंवा राख आणि थोडं मेण घालतात.

बसवताना मुठीत जाणारं टोकच तापवायचं, पात्याला ओलं फडकं गुंडाळून, नाहीतर धारेचं पाणी उतरतं, म्हणजे पोलादाचा कडकपणा जातो. राळ पेट घेते, त्यामुळे मंद आचेवरच. आणि हो, अशी सुरी उकळत्या पाण्यात टाकू नका, मूठ परत सुटेल. जुनी मूठ काढायची असेल तर मात्र हीच युक्ती कामाला येते.