घर घ्यावं तर लास वेगासला, तेही 2006 साली

अमेरिकेत घर घ्यायचंय? मग कॅलेंडर मागे फिरवून 2006 वर आणा आणि थेट लास वेगास गाठा. डॅलसचं नावही काढू नका. टेक्सासात जमीन मोप, बिल्डर हवी तेवढी घरं बांधतात. शिवाय राहत्या घरावर पैसे उचलायचे म्हटलं, तर एकूण कर्ज किमतीच्या 80 टक्क्यांपुढे न्यायला टेक्सासची राज्यघटनाच आडवी येते. अशा गावात 2000 साली 100 असलेला केस-शिलर हा घरांच्या भावांचा निर्देशांक सात वर्षं फुगून जेमतेम 126. मंडळाच्या गणपतीत, प्रसादाच्या रांगेत हा आकडा सांगणार कोणत्या तोंडाने? मागेच वेगासवाला उभा असतो, त्याचं 235 झालेलं असतं.

भाव दुपटीवर गेलेत, म्हणजे घ्यायची हीच वेळ. उतरलेल्या भावात काय, कोणीही घेतं. वेगासच्या चारी बाजूंना वाळवंट आहे, पण बरंचसं केंद्र सरकारच्या मालकीचं; त्यामुळे एजंट सांगेल, 'जागा संपत आली.' वाळवंटात जागा संपते, यावर विश्वास ठेवा.

पगाराचा पुरावा मागणारी बँक जुन्या वळणाची, ती टाळा. हप्ता असा निवडा की व्याजसुद्धा पुरतं फिटू नये. उरलेलं मुद्दलात जातं, जाऊ द्या. घर वाढतंय ना!

धाकधूक वाटलीच तर मोठ्यांचं ऐका. 2005 मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे तेव्हाचे प्रमुख ग्रीनस्पॅन म्हणाले, देशभर बुडबुडा नाही, काही ठिकाणी नुसता फेस आहे. त्याच वर्षी, पुढे त्यांच्याच खुर्चीत बसलेले बर्नान्की म्हणाले, देशभर भाव पडल्याचं आजवर घडलेलं नाही. बँकांनी फ्लोरिडा, नेवाडा, कॅलिफोर्नियाची कर्जं एका गाठोड्यात बांधली, आणि कर्जांची पत ठरवणाऱ्या रेटिंगवाल्यांनी तर त्यावर 'ट्रिपल ए'चं, म्हणजे सर्वात सुरक्षित असल्याचं, कुंकू लावलं. सगळीकडे एकदम थोडंच पडतं? (डेट्रॉइटला धड फुगाही नव्हता, तरी भाव निम्म्यावर आले. पण तिकडे लक्ष देतो कोण.)

मग 2012 उजाडेल. निर्देशांकातल्या वीस शहरांची मिळून भावातली घट तिसऱ्या हिश्शाच्या थोडी पुढे. त्या सरासरीत एखादी खोली भाड्याने मिळते का, विचारून पाहा. वेगासला मात्र शिखरावरच्या दर 100 चे 38 झालेले असतील. घाबरू नका, आता फक्त 163 टक्के वाढायचंय. 2021 पर्यंत होऊन जाईल. डॅलसवाल्याचे अकराएक टक्के गेले, त्याला सांगण्यासारखं काही उरलंच नाही बिचाऱ्याला.

तेवढा दम नसेल तर किल्ल्या पाकिटात घालून बँकेला पाठवून द्या. पुष्कळांनी तेच केलं. तिकिटं तेवढी पुरेशी लावा, किल्ल्या जड असतात.