शेतातल्या डीपीचे भाडे कलम 57 मध्ये नाही

शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे. वीज कायदा 2003 च्या कलम 57 नुसार शेतात विजेचा खांब किंवा डीपी (वीज वितरणाचा ट्रान्सफॉर्मर) असेल तर महिन्याला दोन ते पाच हजार रुपये भाडे मिळते, तीस दिवसांत जोडणी न मिळाल्यास आठवड्याला शंभर रुपये मिळतात आणि जळालेला ट्रान्सफॉर्मर 48 तासांत बदलला नाही तर भरपाई मिळते, असे त्यात म्हटलेले असते.

भाड्याचा दावा चुकीचा आहे. कलम 57 वीज कंपनीने पाळायच्या सेवेच्या मानकांविषयी आहे; त्यात खांबाचा, डीपीचा किंवा जमिनीच्या भाड्याचा उल्लेखच नाही. जमीन वापरण्याचा विषय कलम 67 मध्ये आणि त्याखालील 2006 च्या नियमांत येतो. त्यानुसार ओव्हरहेड लाइन किंवा तिचा खांब उभारण्यासाठी जमीनमालकाची संमती लागते. ती मिळाली नाही तर कंपनीला जिल्हाधिकाऱ्यांची लेखी परवानगी घ्यावी लागते आणि ती देताना जिल्हाधिकारी नुकसानभरपाई, वार्षिक भाडे किंवा दोन्ही ठरवतात. म्हणजे भाड्याची तरतूद आहे, पण ती प्रत्येक खांबाला आपोआप लागू होत नाही आणि तिचा दरमहा ठरावीक आकडा कायद्यात कुठेही नाही. कलम 57 चा हवाला देऊन केलेला अर्ज याच कारणाने फेटाळला जातो आणि ज्याच्याकडे खरोखर दाद मागण्यासारखे काही आहे त्याचाही वेळ वाया जातो, हे मला फार खटकते.

दिरंगाईच्या भरपाईबाबत मजकुराचा गाभा खरा आहे, मात्र मुदती आणि दर महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या विनियमांत असतात व ते बदलत असल्याने जुने आकडे पुढे पाठवण्यात अर्थ नाही. कलम 43 मध्ये वीजपुरवठा वेळेत न दिल्यास दिवसाला हजार रुपयांपर्यंत आणि कलम 142 मध्ये कायद्याच्या किंवा आयोगाच्या आदेशाच्या प्रत्येक उल्लंघनासाठी एक लाखापर्यंत व ते चालू राहिल्यास दिवसाला आणखी सहा हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे, पण तो दंड आहे. तो तक्रारदाराला द्यावा असे ही कलमे म्हणत नाहीत.

खरी मर्यादा पुढे आहे. वैयक्तिक ग्राहकाने आयोगाकडे नव्हे, तर वीज कंपनीच्या ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये महाराष्ट्रातल्याच प्रकरणांत स्पष्ट केले. कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल झाली नाही तर मंच ती स्वीकारत नाही. मंचाच्या आदेशाने समाधान झाले नाही तर साठ दिवसांत विद्युत लोकपालाकडे जाता येते. मंच झालेल्या नुकसानीची भरपाई देऊ शकतो. परंतु अप्रत्यक्ष हानी, बुडालेला नफा किंवा दंडात्मक भरपाई देण्यास विनियमांनी त्याला मनाई केली आहे. ट्रान्सफॉर्मर वेळेत न बदलल्याने पंप बंद राहिला, तर मानक मोडल्याची भरपाई मिळू शकते, पण हंगामात होऊ शकला असता तो नफा तिथे मागता येत नाही. ही मर्यादा शेतकऱ्यावर अन्याय करणारी आहे असे माझे मत आहे, परंतु ती नाहीच असे सांगून त्याला मंचात पाठवणे अधिक वाईट आहे.

भरपाई मिळेपर्यंत बिल भरू नका, हा सल्लाही याच मजकुराला जोडून दिला जातो. तो पाळल्यास कलम 56 खाली पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन वीज तोडता येते. बिल वादग्रस्त असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरावी. तशी भरल्यास वाद मिटेपर्यंत जोडणी तोडता येत नाही, अशी तरतूद त्याच कलमात आहे.