ब्रँडेड कॉम्प्युटरला ‘कुठलाही मदरबोर्ड बसतो’? नाही बसत!

गेल्या महिन्यात बार्शीहून ताईचा फोन आला. दाजींच्या ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानातला डेल ऑप्टिप्लेक्स 9020 बंद पडला होता. लक्षणं ऐकून बोर्ड गेल्याचं कळत होतं. मी म्हटलं, रविवारी येतो, तोवर कुणाला हात लावू देऊ नका. पण मधल्या चार दिवसांत दाजींना कुणीतरी एक मेसेज पाठवला. रविवारी पोचलो तेव्हा नवा आणलेला बोर्ड जळला होता आणि त्याच्याबरोबर चांगली चालणारी हार्ड डिस्कही. तोच मेसेज परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, तेव्हा मात्र राहवलं नाही.

मेसेज सांगतो की ब्रँडेड कॉम्प्युटरचा बोर्ड गेला तर कंपनीचा महागडा बोर्ड घेऊ नका, बाजारातला कुठलाही चालतो. स्क्रूची भोकं सगळीकडे सारखी. एसएमपीएसची (कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायची) पिन वेगळी असेल तर 250 रुपयांचा ‘24-8 कन्व्हर्टर’ (24 पिनांचा प्लग 8 पिनांना जोडणारी तार) लावा. जुना प्रोसेसर आणि रॅम तीच वापरा. विंडोज आपोआप ऍक्टिव्हेट होईल.

आधी कन्व्हर्टरचं बोलतो, कारण घात त्यानेच केला. साध्या एसएमपीएसच्या 24 पिनांच्या प्लगमधून बोर्डाला 3.3, 5 आणि 12 असे तिन्ही व्होल्टेज मिळतात. ऑप्टिप्लेक्स 9020 चा प्लग 8 पिनांचा आहे आणि त्यात 3.3 किंवा 5 व्होल्टच्या मुख्य तारा नाहीतच. एसएमपीएस 12 देतो, बाकीचे व्होल्टेज बोर्ड स्वतः तयार करतो. हार्ड डिस्कलासुद्धा करंट बोर्डातूनच जातो. डेलचं या मॉडेलचं मॅन्युअल त्यांच्या साइटवर फुकट आहे. त्यात बोर्डाची आकृती बघा, डिस्कच्या पॉवरचा कनेक्टर बोर्डावरच दाखवलेला आहे. तेही नको असेल तर झाकण उघडा आणि एसएमपीएसमधून थेट डिस्कला गेलेली तार शोधून दाखवा.

कन्व्हर्टर खोटा नाही. पण तो साधा एसएमपीएस डेलच्या बोर्डाला जोडायला बनवलेला आहे. मेसेजवाल्याने दिशाच उलटी केली: डेलचा एसएमपीएस, बोर्ड बाजारातला. मग 5 व्होल्ट आणायचे कुठून? तार म्हणजे काही जादू नाही. दाजींनी ज्याला बोलावलं त्याने कन्व्हर्टर कापला आणि पिवळी तार लाल तारेला जोडून दिली. म्हणजे जिथे 5 व्होल्ट हवेत तिथे 12 गेले. त्याच तारांवरून चार पिनांचा प्लग काढून डिस्कही त्यावरच लावली होती. दोन्ही एका सेकंदात गेले.

प्लग बसला म्हणजे जोडणी बरोबर, असं तर मुळीच समजू नका. 1990 च्या दशकाच्या शेवटी डेलने दिसायला हुबेहूब नेहमीचा 20 पिनांचा प्लग वापरला होता, पण आतल्या तारांचा क्रम बदलून. तो कुठल्याही बोर्डात व्यवस्थित बसायचा आणि बटण दाबलं की बोर्ड जळायचा.

एक गोष्ट कबूल करायला हवी. 2012 च्या ऑप्टिप्लेक्स 7010 च्या टॉवरमध्ये साधा 24 पिनांचाच एसएमपीएस होता. त्यावर कुणी हा प्रयोग करून बोर्ड चालू केला असेल तर तो खोटं बोलत नाही. त्याने फक्त आपल्या एका मशीनवरून सगळ्यांना सल्ला द्यायला नको होता. एचपीचा प्लग वेगळा, लेनोव्होचा वेगळा.

स्क्रूची भोकं जुळली तरी मागची पोर्टची खिडकी जुळत नाही. साध्या कॅबिनेटला 158.75 बाय 44.45 मिलिमीटरची मोकळी चौकट असते, तिथे बोर्डाबरोबर आलेली पट्टी बसते. 9020 चा मागचा पत्राच पोर्टच्या आकारात कापलेला आहे. प्रोसेसर चौथ्या पिढीचा, सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा) 1150, रॅम डीडीआर3. आजचा नवा बोर्ड यातलं काहीच घेत नाही, एच81 चिपसेटसारखा जुना प्रकारच लागतो. विंडोजचं ओईएम लायसन्स, म्हणजे मशीनबरोबर कंपनीकडून आलेलं, बोर्डाला बांधलेलं असतं. बिघाडामुळे कंपनीने बदलून दिलेल्या बोर्डावर ते चालतं, परक्या बोर्डावर नाही.

आणि ‘कंपनीचा महाग’ हे अर्धंच खरं. नवा महागच पडतो. पण जुन्या मशीनमधून काढलेले तेच बोर्ड मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत विचारून बघा. बोर्डावरच्या स्टिकरवर ‘डीपी/एन’ (डेलचा पार्ट नंबर) असतो, त्याचा फोटो काढून न्या. नुसतं ‘9020’ सांगू नका, टॉवरचा बोर्ड आणि छोट्या कॅबिनेटचा बोर्ड वेगळा. नाहीच मिळाला तर एच81 बोर्ड, साधं कॅबिनेट आणि साधा एसएमपीएस असं सगळंच घ्या; प्रोसेसर आणि रॅम त्यात चालतील. कुणालाही मशीन उघडू देण्याआधी डिस्क मात्र काढून ठेवा. बोर्ड गेला म्हणून डिस्कवरचं काही जात नाही.

दाजींच्या डिस्कवर गावातल्या पोरांच्या स्कॉलरशिपचे कागद आहेत. त्याच मॉडेलच्या डिस्कचं सर्किट मिळालं तर त्यावर जळालेल्या डिस्कची जुनी चिप बसवून डेटा काढता येतो का ते बघतोय. अजून मिळालेलं नाही.